केईएफ एलएस५० मेटा स्पीकरसाठी मोठा अॅम्प (अॅम्प्लिफायर) घ्यायचाय. घरात खरा तानपुरा आहे, म्हणून अडलंय

खर्ज:

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला राहतो, प्रेसमधून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. निवृत्तीनंतर स्वतःसाठी केलेला पहिला मोठा खर्च म्हणजे केईएफ एलएस५० मेटा स्पीकर. अॅम्प मात्र जुनाच आहे, ८ ओहमला ४५ वॅटचा. आता तो बदलायचा विचार आहे. सव्वादोन लाख बाजूला ठेवलेत. एवढी रक्कम पुन्हा हाताशी येणार नाही, म्हणून आधी तुम्हाला विचारतोय.

ऐकणं बहुतेक ख्यालाचं. भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी. घरात मिरजेचा तानपुरा आहे आणि सौ. रोज सकाळी त्यावर तासभर रियाज करते, त्यामुळे खरी जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणकार, कशी असते ते कानात पक्कं बसलंय. विलंबित ऐकताना काहीच तक्रार नाही. पण गायक तार षड्जावर आवाज मोकळा सोडतो, मागून हार्मोनियम भरून येते, आणि त्या क्षणी सगळं कडक होतं. जवारीचा गोलावा जातो, काच खरवडल्यासारखं कानाला लागतं. आवाज कमी केला की त्रास थांबतो, पण मग गाणारा पलीकडच्या खोलीत जाऊन बसतो.

खोली १४ बाय ११ फूट. खाली चकचकीत फरशी, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. स्पीकरपासून साधारण साडेतीन मीटरवर, मागच्या भिंतीला टेकून बसतो.

दुकानदार म्हणाले, "हे स्पीकर करंट मागतात, ४५ वॅटवर भागणार नाही." त्यांनी दोन नावं दिली: यामाहा ए-एस१२००, म्हणजे ८ ओहमला ९० आणि ४ ओहमला १५० वॅट, आणि हेगेल एच९५, ८ ओहमला ६० वॅट. हेगेलचे वॅट कमी असूनही त्याची पकड जास्त, असंही म्हणाले. ते मला उमगलं नाही. जाणकारांनी सांगावं.

सोल्डर सातपूर:

काका, दुकानदारांचं म्हणणं अर्धं खरं आहे. या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीत किती मोठा वाजतो ते) ८५ डेसिबल, म्हणजे कमीच. कागदावर ८ ओहमचे असले तरी काही सुरांवर इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ३.५ ओहमपर्यंत उतरतो, तिथे करंट लागतो. पण केईएफ स्वतः ४० ते १०० वॅटचा अॅम्प सुचवते, त्यात तुमचा ४५चा बसतो. शिवाय ४५ वरून ९० वॅटवर गेलात तर पदरात पडतात फक्त ३ डेसिबल. ६० आणि ९० मधला फरक तर पावणेदोन डेसिबलचा.

पकडीचं म्हणाल तर ते डॅम्पिंग फॅक्टरबद्दल बोलत असणार, म्हणजे अॅम्प स्पीकरच्या पडद्याला किती घट्ट धरतो त्याचा आकडा. हेगेल २००० पेक्षा जास्त सांगते, यामाहा २५०. ऐकायला केवढी दरी वाटते! पण मधली वायर कोणी मोजत नाही. अडीच स्क्वेअर एमएमची तीन मीटर तांब्याची वायर घेतली तर जाऊन-येऊन ०.०४ ओहम होतात. तेवढ्यानेच २००० चा आकडा स्पीकरपाशी २०० च्या आत येतो. म्हणून या आकड्यावर लाख रुपये ठरवू नका.

आधी तुमचा अॅम्प खरंच कमी पडतोय का ते मोजा. तुमचं सर्वात मोठ्याने ऐकायचं गाणं लावून व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा. मग अॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी सोडवा (तुमचा ट्रान्झिस्टरचा आहे म्हणून हे चालतं, व्हॉल्व्हचा अॅम्प स्पीकरशिवाय कधीही चालवू नका). व्हॉल्यूमला हात न लावता अॅम्प सुरू करा, उणे १२ डेसिबलचा (म्हणजे कमाल पातळीच्या पाव व्होल्टेजचा) ६० हर्ट्झचा टोन, म्हणजे एकच सलग सूर, वाजवा आणि टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. त्याची चौपट करा. ती १९ च्या खाली राहिली तर अॅम्प क्लिप होत नाहीये, म्हणजे ताकद संपून आवाज फाटत नाहीये, कारण ८ ओहममध्ये ४५ वॅट म्हणजे १९ व्होल्ट.

आणि एक गोष्ट तुमच्याच घरात होऊ शकते, आमच्यासारख्यांकडे नाही. वहिनींना तानपुरा घेऊन बरोबर स्पीकरच्या जागी बसवा, तुम्ही तुमच्या खुर्चीत बसा. त्यांना तार षड्ज मोकळ्या आवाजात लावायला सांगा. तोही टोचला, तर दोष अॅम्पचा नाही.

गंगापूररोड:

माझ्याकडेही हेच स्पीकर आहेत. खुर्ची पुढे ओढा. साडेतीनवरून सव्वादोन मीटरवर आलात की थेट आवाज जवळपास ४ डेसिबलने वाढतो, अॅम्पवरचा भार निम्म्याहून कमी होतो आणि भिंतीवरून परतणारा आवाज तुलनेने मागे पडतो. या स्पीकरचा ट्विटर (वरचे सूर काढणारा भाग) मोठ्या पडद्याच्या, म्हणजे कोनाच्या, मधोमध आहे, त्यामुळे जवळ बसलं तरी वरचा आणि खालचा आवाज फुटून वेगळा ऐकू येत नाही.

उन्हाळ्यात व्होल्टेजही बघा. आमच्या गल्लीत मे महिन्यात दुपारी ते २०० वर येतं. साध्या पॉवर सप्लायच्या अॅम्पची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, तेव्हा ४५ चे ३४ वॅट उरतात. आणि जपानहून आलेला जुना अॅम्प कोणी स्वस्तात देत असेल तर तो १०० व्होल्टचा आहे का हे आधी विचारा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० वर लावलात तर त्याच दिवशी जळेल.

खर्ज:

दोघांचे मनापासून आभार. सगळं करून मग लिहितोय.

मल्टिमीटरवर २.९ व्होल्ट आले. चौपट ११.६, म्हणजे ८ ओहममध्ये १७ वॅटसुद्धा नाहीत. दोनदा मोजलं, कारण विश्वास बसेना.

मग सौ.ला स्पीकर हलवून त्या जागी बसवलं. तिची पट्टी काळी चार (हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीवर तिचा षड्ज). मध्य सप्तकात सगळं सुरेख. तार षड्ज लावला आणि माझा चेहरा बघून ती थांबली. तीच काच, तोच टोच. गेली सहा वर्षं ती याच खोलीत गातेय, पण नेहमी खिडकीकडे पाठ करून कोपऱ्यात बसते आणि मी स्वयंपाकघरात असतो. समोर बसून मी तिला कधी ऐकलंच नव्हतं. तिला म्हटलं, दोष तुझ्या गळ्यात नाही, या फरशीत आहे.

त्याच दिवशी माळ्यावरची जाड सतरंजी काढून दुहेरी अंथरली. काचेवर आईच्या हातची गोधडी टांगली. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवलं आणि खुर्ची सव्वादोन मीटरवर आणली. सौ. पुन्हा तिथेच बसून गायली, मग तिथेच स्पीकर ठेवून किशोरीताई लावल्या. कडकपणा बहुतेक गेला. खुर्ची पुढे आल्यामुळे व्हॉल्यूमही खाली आला. आता टोनवर २ व्होल्ट दिसतात, म्हणजे जेमतेम ८ वॅट.

एक उणीव मात्र राहिली आणि ती आता जास्तच जाणवते. सौ.च्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, अंगाला जाणवतो. भीमसेनजींच्या मागचा तानपुरा लावला की खर्जाची तार नुसती सूचना देऊन जाते, भरत नाही. यासाठी तरी मोठा अॅम्प उपयोगी पडेल का?

सोल्डर सातपूर:

वहिनींना नमस्कार सांगा, मोठं काम केलं त्यांनी.

खर्जाचं उत्तर पट्टीत आहे. वहिनींच्या काळी चारच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण १०४ हर्ट्झवर येतो, पुरुष गायकाच्या काळी एकचा ६९ वर. तुमच्या स्पीकरचा सपाट पल्ला ७९ हर्ट्झपर्यंतच आहे, त्याखाली आवाज घसरत जातो. सव्वापाच इंची कोन तो, त्याने तरी किती हवा ढकलायची? तिथे कोणताही अॅम्प नवीन हवा आणून देणार नाही. लहान, बंद पेटीचा सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, थोडक्यात सब) बघा. केईएफच्याच केसी६२ मध्ये साडेसहा इंची दोन ड्रायव्हर पाठीला पाठ लावून बसवलेत, त्यामुळे पेटी थरथरत नाही. स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेणारा सब मिळाला तर तुमचा जुना अॅम्प तसाच चालेल. प्री-आउटवरून (अॅम्पमधून बाहेर सिग्नल देणाऱ्या जोडणीवरून) जोडायचा असेल तर यामाहाला ती सोय आहे.

तरीही अॅम्प ऐकून बघायचाच असेल तर घरी आणून ऐका, दुकानात नको. आणि दोन्ही अॅम्पची पातळी त्याच टोनवर मल्टिमीटरने जुळवा. अर्धा डेसिबल जास्त वाजणारा हमखास 'मोकळा' वाटतो, आणि त्या मोकळेपणाचे माणूस लाख रुपये मोजून येतो.

गंगापूररोड:

सब आणलात तर तो कोपऱ्यात ठोकू नका. तुमच्या खुर्चीच्या जागी सब ठेवून तानपुरा लावा, स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा, आणि जिथे खर्ज सगळ्यात समतोल ऐकू येईल तिथे सब ठेवा. गुडघे दुखत असतील तर मुलाला फिरवा.

खर्ज:

दुकानदारांशी बोललो. भले माणूस आहेत, शनिवार-रविवार यामाहा आणि एक सब असं दोन्ही घरी द्यायला तयार झाले. यामाहा २२ किलोचा आहे आणि आमची लिफ्ट गेला आठवडाभर बंद, तिसरा मजला. सोल्डर सातपूर, शनिवारी दहाच्या सुमारास याल का? तुमचा मल्टिमीटर सोबत आणा, माझा दुसऱ्या दशांशाला डगमगतो. सौ. म्हणाली, आधी तानपुरा लावून ठेवते, मग पेट्या उघडा. थालीपीठ आहे.