सीपॅनेल सर्व्हर: मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० की मारियाडीबी १०.६?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. सांगलीतल्या ओळखीच्या संस्थांच्या चाळीसेक साइट्स मी एका व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) सांभाळते. ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस ७, सर्व्हर सांभाळायचं पॅनेल सीपॅनेलचं डब्ल्यूएचएम, डेटाबेस मायएसक्यूएल ५.७. बहुतेक वर्डप्रेस आहेत, त्यांची फारशी काळजी नाही. जीव अडकलाय तो दोन साइट्समध्ये. एक शाळेच्या निकालाची, कुणीतरी फार पूर्वी हाताने लिहिलेल्या पीएचपी भाषेत, ती अजून पीएचपी ७.२ वर चालते. दुसरी वाचनालयाची ग्रंथसूची. त्यातल्या हजारो मराठी नोंदी ग्रंथपालबाईंनी वर्षानुवर्षं एकेक करून भरल्यात आणि त्या दुसरीकडे कुठेच नाहीत.

५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. दोन्ही बदलायचंच आहे, पण आधी कुठलं? आणि मायएसक्यूएल ८.० घ्यावं की त्यातूनच निघालेला मारियाडीबी हा डेटाबेस, १०.६? पॅनेलवर बजावून सांगितलंय की एकदा पुढे गेलं की परत जुन्या आवृत्तीवर येता येत नाही. साइट्स बंद ठेवायला रविवारची रात्र मिळू शकते.

रूटवाला:
आधी डेटाबेस, मग ओएस. सेंटओएसवरून अल्मालिनक्स ८ या नव्या ओएसवर नेणारी सीपॅनेलची एलिव्हेट स्क्रिप्ट ५.७ तसंच ठेवून पुढे जात नाही. ८.० घेणार असाल तर माय डॉट सीएनएफ ही डेटाबेसच्या सेटिंग्जची फाइल उघडून क्वेरी कॅशच्या (आधीच्या उत्तरांच्या साठ्याच्या) सगळ्या ओळी काढा. ८.० मधून क्वेरी कॅश काढूनच टाकलाय, त्यामुळे तसली एक ओळ जरी राहिली तरी सर्व्हिस उठत नाही. त्याच फाइलमधल्या एसक्यूएल मोडच्या ओळीतलं नो-ऑटो-क्रिएट-यूजरही तसंच काढा.

दप्तरी:
ताई, कुठली आवृत्ती हे ठरवण्याआधी ग्रंथसूचीच्या टेबलांचा कॅरेक्टर सेट (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली हे सांगणारी पाटी) बघा. तिथे लॅटिन१ (पश्चिम युरोपीय भाषांचा सेट) निघालं तर सगळा हिशेब बदलतो.

पूर्वीच्या पुष्कळ मराठी साइट्समध्ये टेबल लॅटिन१ आणि आतले बाइट्स मात्र यूटीएफ-८ चे (सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीचे) असतात. जोडणीही लॅटिन१ ची असते, म्हणून जसं आत गेलं तसं बाहेर येतं आणि पानावर मराठी नीट दिसतं. ८.० मध्ये सर्व्हरचा डीफॉल्ट यूटीएफ८एमबी४ (पूर्ण, चार-बाइटी यूटीएफ-८) झालाय. कोडमध्ये 'सेट नेम्स' (जोडणीचा सेट ठरवणारी आज्ञा) नसेल तर पीएचपी सर्व्हर सांगेल तोच सेट उचलतं, आणि मग पुस्तकाच्या नावाच्या जागी लॅटिन अक्षरांचा खिचडा दिसतो. डेटा शाबूत असतो, पण ते बघून घाबरलेला माणूस घाईने काहीतरी 'दुरुस्त' करतो आणि तिथे खरा घात होतो.

तपासायचं असं: शीर्षकाच्या कॉलमवर आतले कच्चे बाइट्स दाखवणारं हेक्स फंक्शन चालवा. 'म' हा ई०, ए४, एई असा तीन बाइट्सचा दिसला तर बाइट्स बरोबर आहेत, फक्त टेबलावरची पाटी चुकीची. सुरुवात सी३, ए० अशी झाली तर कुणीतरी आधीच दोनदा रूपांतर करून ठेवलंय, ते प्रकरण वेगळं.

माझं मत विचाराल तर मारियाडीबी १०.६. तिथे डीफॉल्ट अजून लॅटिन१ च आहे, त्यामुळे त्या रात्री काही हलणार नाही. शिवाय शाळेच्या साइटचं पीएचपी ७.२ हे मायएसक्यूएल ८.० च्या नव्या पासवर्ड पद्धतीला ओळखत नाही; तो सपोर्ट पीएचपी ७.४ पासूनचा. १०.६ ची मुदत जुलै २०२६, म्हणून अल्मावर गेल्यावर १०.११ घ्या, ते फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. उलट एकदा ८.० वर गेलात की पॅनेल तुम्हाला मारियाडीबीकडे वळू देत नाही. जेसन प्रकारचे (रचनाबद्ध मजकुराचे) कॉलम आहेत का तेवढं पाहून घ्या. मारियाडीबीत जेसन म्हणजे नुसतं लाँगटेक्स्ट (साधा लांब मजकूर), मायएसक्यूएलचे ते कॉलम ती जसेच्या तसे उघडत नाही.

आणि हे थेट चालू सर्व्हरवर करू नका. स्नॅपशॉटवरून (सर्व्हरच्या जशाच्या तशा प्रतीवरून) दुसरा व्हीपीएस उभा करा, त्यावरचे क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं आणि मेल आधी बंद करा (नाहीतर पालकांना निकालाचे संदेश दोनदा जातील), आणि तिथे रंगीत तालीम घ्या.

कृष्णाकाठ:
दप्तरीदादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं! टेबल लॅटिन१, हेक्समध्ये ई०ए४. जेसन कॉलम एकही नाही. कॉपीवर १०.६ चढवलं, दोन्ही साइट्स जशाच्या तशा उघडल्या. नोंदी नीट दिसल्या तेव्हा खूप हायसं वाटलं.

आता टेबलावरची पाटी कायमची बदलायची आहे. ती कधी? अपग्रेडच्याच रात्री?

दप्तरी:
नको. एका रात्री एकच बदल, म्हणजे काही बिघडलं तर कशाने ते कळतं. अपग्रेड स्थिरावू दे, मग पाटी.

थेट 'कन्व्हर्ट टू' ही रूपांतराची आज्ञा मात्र वापरू नका, ते बाइट्स बदलतं आणि दुहेरी रूपांतर होतं. कॉलम आधी व्हारबायनरी किंवा ब्लॉब (नुसते बाइट्स ठेवणारे प्रकार) करा, मग यूटीएफ८एमबी४, आणि त्याच बैठकीत कोडमध्ये 'सेट नेम्स' घाला. पडताळणीला 'बखर' शब्द असलेली एखादी नोंद घ्या. तेवढ्या शब्दाची कॅर-लेंग्थ (अक्षरसंख्या) आधी ९ येईल, नंतर ३ आली पाहिजे. ग्रंथपालबाईंनाही कॉपीवर शोध घेऊन बघू द्या, त्यांना त्यांच्या नोंदी पाठ असतात.

रूटवाला:
एक भर. फक्त डम्पवर (डेटाबेसच्या मजकूररूपी बॅकअपवर) विसंबू नका. डेटाबेस बंद करून व्हार-लिबमधलं अख्खं मायएसक्यूएल फोल्डर सर्व्हरबाहेर कॉपी करा, परत यायची वेळ आलीच तर तेच कामाला येतं. डम्प घेताना कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ असा स्पष्ट द्या. ५.७ चा मायएसक्यूएलडम्प मुळात जुना तीन-बाइटी यूटीएफ८ धरतो, त्यात वर्डप्रेसच्या पोस्टमधल्या इमोजींची प्रश्नचिन्हं होतात. देवनागरी तीन बाइट्सची असल्याने सुखरूप दिसते, म्हणून हे कुणाच्या ध्यानात येत नाही. रूटीन्स आणि इव्हेंट्सचे (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रक्रिया आणि वेळापत्रकी कामांचे) पर्यायही जोडा, ते आपोआप येत नाहीत.