मदत हवी आहे: दवाखान्याचा विषय नक्की कुठल्या समितीकडे जातो?

मंडळी, पालिकेचं कामकाज कळणारं कुणी आहे का इथे? आमच्या भागातल्या दवाखान्यात संध्याकाळचीही ओपीडी हवी म्हणून सह्यांचं निवेदन दिलंय, पोचेवर गोल शिक्कापण आहे, पण आता जो तो म्हणतो विषय समितीपुढे जाईल, अहो पण कुठल्या? प्रभाग समिती, महिला बालकल्याण की थेट स्थायी समिती? स्थायीत १६ जण असतात आणि पैशाचे विषय तिथे जातात एवढं माहितीय, मुख्य सभेत (म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या) काय जातं तिथे गाडी अडते. मार्च २०२२ नंतर नगरसेवक नसल्याने प्रशासकच सगळं मंजूर करायचे त्यामुळे जुनी पद्धत सांगणारेही गोंधळलेत (विचारलं की चहा पाजतात, उत्तर नाही). विषयपत्रिका आधी बघायला कुणाकडे मागायची, नगरसचिव कार्यालयात का? आणि नगरसेवकाच्या पत्राशिवाय विषय पुढे सरकतच नाही हे खरंय का?