डाव्या हाताला नाडी लागत नाही, घरी बीपी मोजायला कोणतं मशीन घेऊ? (बजेट २,००० रु.)

रानजाई
नमस्कार मंडळी. वय ३१, सातारा जिल्हा. दोन वर्षांपूर्वी मला ताकायासू आर्टरायटिस असल्याचं निदान झालं. या आजारात महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतींना सूज येते, भिंती जाड होतात आणि आतली वाट अरुंद होत जाते. माझ्या डाव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी जवळपास बंद आहे. मनगटावर नाडी लागत नाही. वेणी घालायला हात वर केला की मिनिटभरात भरून येतो, मग अर्ध्या वेणीवर थांबून हात खाली घ्यावा लागतो. उजव्या मूत्रपिंडाची धमनीही अरुंद झालीये, त्यामुळे बीपी वाढतं. उजवा हात, पोटातली महाधमनी आणि पाय यांच्या रक्तवाहिन्या एमआर अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांचं एमआरआय) ठीक दिसल्या.

औषधं: प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड ७.५ मिग्रॅ (४० वरून उतरत इथवर आले), मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) आठवड्यातून एकदा, फक्त रविवारी, बीपीच्या दोन गोळ्या.

मशीन का हवंय ते सांगते. गेल्या महिन्यात सर्दीतापासाठी जवळच्या एका दवाखान्यात गेले. मी तोंड उघडायच्या आत तिथल्या ताईंनी डाव्या दंडाला पट्टा बांधला. वरचं बीपी ८४. त्या घाबरल्या, मला आडवं केलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि बीपीच्या गोळ्या दोन दिवस बंद ठेवा म्हणाल्या. "उजव्या हाताचं बघा" म्हटलं तर "दोन्हीकडे सारखंच असतं" म्हणाल्या. मी हट्टाने उजवा हात पुढे केला तेव्हा १७२ निघालं. त्या दिवशी मी ऐकून गोळ्या बंद केल्या असत्या तर, हा विचार अजून रात्री येतो.

तर मशीन दंडाचं घेऊ की मनगटाचं? पायाला लावता येतं का? पट्टा उजव्या दंडाला बांधायचा म्हणजे ओढायचा डाव्या हाताने, आणि तो हात लगेच थकतो. बजेट २,००० पर्यंतच आहे. औषधं आणि तपासण्यांतच बरेच पैसे जातात.

कोयनाकाठ
ताई, वाचून वाईट वाटलं. मी ओमरॉनचं ४,६०० ला घेतलंय, ब्लूटूथवालं. मुलगा बंगळुरात बसून माझं बीपी बघतो आणि १४० च्या वर गेलं की लगेच फोन करतो. तीन वर्षांत एकदाही त्रास नाही. या गोष्टीत पैशाकडे बघू नये.

भातुकली
मनगटाचं घ्या. माझ्याकडे आहे, पर्समध्ये मावतं. एका हाताने बांधता येतं, ही तुमची मुख्य अडचण आहे ना? १,५०० च्या आत मिळालं.

डोंगरवाट
वेगळं मशीन कशाला? माझ्या घड्याळातच बीपी दिसतं, दिवसभर आपोआप. ९,००० ला घेतलं, पण पावलं, झोप सगळंच कळतं.

सिस्टर_माई
बावीस वर्षं वॉर्डात काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डोंगरवाट, घड्याळ बीपी थेट मोजत नाही, अंदाज बांधतं, आणि तो अंदाज बसवायलाही आधी पट्ट्याच्या मशीनचा आकडा भरावा लागतो. शिवाय घड्याळ आपण बांधतो डाव्या मनगटावर. या मुलीला तिथे नाडीच नाही.

रानजाई, मनगटाचं मशीन बांधायला सोपं, पण मनगट हृदयाच्या उंचीला नसेल तर आकडा भलतीकडे जातो. दंडाचंच घे. घ्यायच्या आधी शिवणाची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोज. बहुतेक मशीनबरोबर २२ ते ३२ सेंमीचा पट्टा येतो. घेर त्याहून जास्त असेल तर मोठा पट्टा माग. लहान पट्ट्यात बीपी खोटंच जास्त दिसतं. स्टेरॉईडने वजन वाढलं असेल तर हे मुद्दाम बघायचं.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून आणि पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोज. सकाळी गोळ्या घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी.

पायाला लावता येतं. सपाट झोपून घोट्याच्या वर दंडाचाच पट्टा बांधतात. पण झोपलेल्या अवस्थेत घोट्याचं वरचं बीपी हातापेक्षा सहसा जास्तच असतं, त्यामुळे हाताचे आकडे पायाला लावून घाबरू नकोस. तुझ्या पायाचा आकडा किती चालेल हे तुझ्या डॉक्टरांकडून लिहून घे. आणि पोटातली महाधमनी अरुंद असेल तर पायाचं बीपीही खोटंच कमी येतं. तुझी ठीक आहे हे बरं, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांनी लक्षात ठेवा.

जिरेसाळ
डिजिटलवर माझा विश्वास नाही. वडिलांचं एकाच बैठकीत १५०, १३८, १६१ आलं. आमचे जुने फॅमिली डॉक्टर पाऱ्याचं वापरायचे, त्यात चूक नाही. पाऱ्याचंच शोधा.

सिस्टर_माई
पाऱ्याची यंत्रं दवाखान्यांतूनही निघत चालली आहेत, कारण पारा विषारी असतो. फुटलं तर घरात कसा गोळा करणार? आणि लागोपाठ मोजलं की आकडे थोडे हलतातच. त्यात मशीनचा दोष नाही.

जिरेसाळ
आमच्या घरी थर्मामीटर तीनदा फुटलं, कोणाला काही झालं नाही.

सुतारपक्षी
आधी नाव. शेवटचा सू दीर्घ, रानजाईंनी बरोबर लिहिलंय. बऱ्याच ठिकाणी 'तकायासु' वाचून डोकं उठतं. मिकिटो ताकायासू हे जपानमधल्या कानाझावाचे डोळ्यांचे डॉक्टर. १९०८ मध्ये त्यांनी २१ वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्याच्या पडद्यावर, दृष्टीच्या नसेच्या टोकाभोवती रक्तवाहिन्यांनी गजऱ्यासारखं कडं केलेलं पाहिलं आणि ते नेत्रतज्ज्ञांच्या सभेत मांडलं. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या दोघांनी सांगितलं की आपल्याकडच्या अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही. म्हणून याला 'नाडी नसलेला आजार'ही म्हणायचे. बहुतेक तरुण बायकांना होतो आणि आशियात जास्त दिसतो. आपल्याकडे मूत्रपिंडाची धमनी सापडून बीपी वाढलेले रुग्ण बरेच असतात, रानजाईंसारखे.

मशीनबद्दल: स्ट्राइड बीपी नावाच्या संकेतस्थळावर चाचणी होऊन पास झालेल्या मॉडेलांची यादी आहे, फुकट. ब्रँड बघू नका, मॉडेलचा नंबर त्या यादीत आहे का ते बघा. एकाच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं, दुसरं नसतं.

कोयनाकाठ
म्हणूनच म्हटलं, ओमरॉन घ्या.

हळदीचं_पान
ताई, स्टेरॉईड फार वाईट. माझ्या मावसबहिणीचा चेहरा चंद्रासारखा सुजला होता. तिने सगळं सोडलं, हळद-दूध आणि गुळवेल सुरू केलं. तुम्हीही हळूहळू बंद करा.

वैनगंगा
हळदीचं_पान, तुम्ही काळजीपोटी लिहिलंत हे कळतं, पण हे वाचून कोणी उद्या गोळी बंद करेल म्हणून हात जोडून सांगते: स्टेरॉईड मनाने बंद करायची नसते. बरेच दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉईड) बनवणं कमी करतं. एकदम सोडलं तर बीपी धाडकन खाली येऊन माणूस कोसळू शकतो. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. आणि गुळवेलीसारखं काहीही सुरू करण्याआधी विचारा, या औषधांच्या जोडीला यकृताची काळजी असतेच.

रानजाई, मी नागपूरची, या आजाराबरोबर अकरा वर्षं. माझा उजवा हात गेलाय, तुझा डावा. मी १,७०० चं साधं दंडाचं मशीन वापरते, ब्लूटूथ वगैरे नाही. पट्टा आधीच कड्यातून ओवून गोल करून ठेवायचा, टेबलावर ठेवून त्यात हात सरकवायचा, मग टोक हनुवटीखाली दाबून थकलेल्या हाताने नुसतं चिकटवायचं. ओढावं लागत नाही.

पण मशीनइतकंच महत्त्वाचं दुसरं आहे. एक कार्ड कर. माझं मराठीत आणि हिंदीत आहे, लॅमिनेट केलेलं: 'उजव्या हाताचे बीपी धरू नये. ताकायासू आर्टरायटिस. रोज स्टेरॉईड चालू.' पर्समध्ये एक, मोबाईलच्या कव्हरमागे एक. ऑक्सिजन मोजायचा बोटाचा चिमटासुद्धा माझ्या त्या हाताला धड लागत नाही, तेही लिहिलंय. आपण बेशुद्ध असलो तर हट्टाने दुसरा हात कोण पुढे करणार?

मेथोट्रेक्सेटचं माझं सांगते. चौथ्या वर्षी एका औषधवाल्याने पाकिटावर 'रोज एक' लिहून दिलं. मी तापात होते, घरच्यांनी पाकीट वाचून पाच दिवस रोज गोळी दिली. सहाव्या दिवशी तोंड आतून इतकं सोललं की पाणी गिळताना रडायला यायचं. पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या, उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं घेत नऊ दिवस दवाखान्यात होते. तेव्हापासून ती पट्टी माझ्या डब्यात नसते. देव्हाऱ्याच्या खणात असते, आणि सोमवारी घेतली की कालनिर्णयवर लाल खूण.

पडवी
आईला (७१, न्यू जर्सीत माझ्याकडे) याच घराण्यातला जायंट सेल आर्टरायटिस आहे. तो पन्नाशीनंतरचा. केस विंचरताना कानशिलाजवळ दुखायचं, आणि भाकरी चावताना जबडा इतका दमायचा की अर्ध्यातच ताट सरकवायची. आम्ही दातांच्या डॉक्टरकडे दोन फेऱ्या मारल्या. मग एका सकाळी डाव्या डोळ्यासमोर पडदा आला. त्याच दिवशी मोठ्या मात्रेत स्टेरॉईड दिलं म्हणून उजवा डोळा वाचला, डावा परत आला नाही. मी जबड्याचं दुखणं दोन महिने ऐकत होते.

आता टोसिलिझुमॅब हे सूज रोखणारं औषध चालू आहे, आठवड्याला पोटावर इंजेक्शन. अमेरिकेत २०१७ पासून या आजारासाठी मान्य आहे. रानजाई, तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. एक लक्षात ठेवा, त्या इंजेक्शनवर सीआरपी (रक्तात सूज दाखवणारा आकडा) खालीच राहतो, त्यामुळे तो नॉर्मल आला म्हणून आजार शांत आहे असं धरता येत नाही.

वैनगंगा
पडवी, आईला सांभाळा आणि स्वतःला दोष देऊ नका. डॉक्टरांनाही ते पटकन लक्षात येत नाही.

टोसिलिझुमॅब मीही घेतलंय. इथे त्याआधी टीबीची तपासणी करतात, आणि खर्च मोठा आहे. बजेट २,००० असलेल्या पोरीला आधी तो आकडा सांगून मगच विचारायला सांगूया. आपल्या आजारात तर त्या इंजेक्शनाशिवायही सीआरपी नॉर्मल असताना रक्तवाहिनी अरुंद होत राहू शकते. म्हणून प्रत्येक भेटीत दोन्ही हातांपायांच्या नाड्या बघणारा, मानेवर स्टेथो ठेवणारा डॉक्टर सोडू नये.

भातुकली
बाळाचा विचार आहे का ताई? या औषधांत चालतं का?

वैनगंगा
मेथोट्रेक्सेट चालत नाही, निदान तीन महिने आधी बंद करून दुसरं औषध बसवावं लागतं. म्हणजे बेत ठरायच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं. बीपीच्या काही गोळ्याही बदलाव्या लागतात. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. बाकी रानजाईला वाटलं तर ती लिहील.

डोंगरवाट
घड्याळाबद्दल सिस्टर माईंचं बरोबर असेल, पण मला तरी उपयोग होतो.

पुन्हा_एकदा
सगळा धागा वाचला नाही. दंडाचं घ्या, पट्ट्याचा घेर बघा, उजव्या हाताचंच मोजा. ओमरॉन चांगलं.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. वैनगंगाताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ नुसती बसून होते. दोन वर्षांत हा आजार असलेल्या कोणाशी पहिल्यांदाच बोलतेय. कार्ड काल करून आणलं, तीन प्रती. मेथोट्रेक्सेट आजच वेगळ्या डब्यात गेली.

मशीनचं मात्र मी तुमच्यापैकी कोणाचंच ऐकलं नाही. परवा जेवताना हा धागा घरात वाचून दाखवत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी तीस वर्षं उपकेंद्रात हेच करत होते, मला का नाही विचारलंस?" त्या निवृत्त आरोग्यसेविका आहेत. खरंच मी कधी विचारलं नव्हतं. आधीच सगळ्यांना माझ्यामुळे पळापळ, अजून एक काम नको, असं वाटायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साताऱ्याला जाऊन काट्याचं, हाताने फुगा दाबायचं बीपी यंत्र आणि स्टेथो घेऊन आलो. मोठा पट्टा वेगळा घेतला. सगळं मिळून १,८५० झाले. पट्टा त्या बांधतात, त्यामुळे माझ्या डाव्या हाताला कामच उरलं नाही. डाव्या दंडावरही त्यांनी एकदा स्टेथो लावून बघितला, काही ऐकू येत नाही म्हणाल्या, आणि थोडा वेळ तो हात तसाच हातात धरून बसल्या.

आज सकाळी उजवा हात १३८/८६. वहीत त्यांच्या अक्षरात लिहिलंय.

सिस्टर_माई
डिजिटल घ्यायला हवं होतंस असं मला अजून वाटतं, त्या गावाला गेल्या तर काय करशील? पण शिकलेला कान घरात आहे तर ठीक. हवा पूर्ण सोडल्यावर काटा शून्यावर येतो का ते रोज बघा. पडला, आपटला की काटा सरकतो. डॉक्टरांकडे जाताना यंत्र बरोबर ने आणि त्यांच्या यंत्राशी ताडून घे.

कोयनाकाठ
सासूबाईंना नमस्कार सांगा. गावाला जातील तेव्हासाठी ४,६०० वालं बघून ठेवा.