मदत हवी आहे: बर्गर प्रेसमध्ये पॅटी चिकटते, फाटते, एकसारखी होत नाही (60 बर्गरची ऑर्डर)

नमस्कार मंडळी,

पुढच्या शनिवारी 60 व्हेज बर्गर द्यायचे आहेत आणि पॅटी अजून मनासारखी जमत नाहीये, म्हणून घाईघाईने धागा काढते आहे.

मी आणि माझी जाऊ घरून नाश्त्याच्या ऑर्डरी घेतो. साबुदाणा वडा, कटलेट, ढोकळा यात हात बसलेला आहे. बर्गर नवे. गेल्या महिन्यात एका वाढदिवसाला 25 दिले. चव सगळ्यांना आवडली, पण पॅटी मी हाताने थापल्या होत्या. काही जाड, काही पातळ, दोन-तीन तर ब्रेडच्या आतच हरवल्या होत्या. एका मुलाने शेजारच्याच्या हातातला बर्गर बघून आईला विचारलं, "त्याचं जाड आणि माझं असं का?" ती आई माझी मैत्रीण आहे, तिने मला प्रेमानेच सांगितलं. पण ते वाक्य मनातून जात नाही. पैसे सगळ्यांचे सारखेच घेतले होते.

म्हणून बर्गर प्रेस आणला. अ‍ॅल्युमिनियमचा, गोल, आतून 11 सेंमी, वरच्या झाकणाला मूठ. खाली आणि वर दोन्हीकडे गोल गोल कंगोरे आहेत. कालपासून तीन वेळा करून पाहिलं. मिश्रण घालून झाकण दाबलं की छान चकती झाल्यासारखी वाटते, पण झाकण उचलताना "चप्प" असा आवाज येतो आणि पॅटी मधोमध आडवी फाटते. अर्धी वर कंगोऱ्यांत, अर्धी खाली. तेल लावून पाहिलं, पहिल्या दोन निघतात, तिसरी पुन्हा चिकटते. ज्या निघाल्या त्यांच्या कडांना तव्यावर चिरा पडल्या आणि उलटताना तुकडा पडला.

माझं प्रमाण: 1 किलो बटाटे उकडून कुस्करून, पाव किलो मटार आणि गाजर वाफवून, ब्रेडचे 4 स्लाइस पाण्यात भिजवून पिळून, आलं-मिरची-लसूण, कोथिंबीर, गरम मसाला, लिंबू, मीठ. वरून मैद्याची पेस्ट आणि ब्रेडचा चुरा. अंडं चालणार नाही.

बेकरीचे पाव साधारण 10 सेंमीचे आहेत. प्रेसमध्ये चुकतंय की मिश्रणात? आणि जाडी सारखी कशी ठेवायची? प्रेसला थांबायची खूणच नाही, जितका जोर लावाल तितकी पातळ होते.

दुसरं, याच महिन्यात चिकन खिम्याच्या 20 पॅटींचीही विचारणा आहे. त्याला हाच प्रेस चालेल का?

पहिला प्रतिसाद

ताई, प्रेसला दोष देऊ नका, तुमचं मिश्रण ओलं आहे. मी बरीच वर्षं कटलेटच्या ऑर्डरी केल्या, त्यातून सांगते.

भिजवलेला ब्रेड पहिला काढून टाका. कितीही पिळला तरी तो पाणी घेऊनच आत येतो. त्याऐवजी जाडे पोहे कोरडेच मिक्सरला फिरवून रव्याइतके भरड करा. किलोभर बटाट्याला 100 ग्रॅम पुरतात. घातल्यावर 15 मिनिटं झाकून ठेवायचं. पोहे बटाट्यातलं, भाज्यांतलं पाणी ओढून घेतात आणि गोळा आपोआप घट्ट येतो. थांबला नाहीत तर वाटेल अजून सैलच आहे, आणि आणखी पोहे घालून बसाल, मग पॅटी घशात अडकते.

बटाटे चिरून उकडत असाल तर ते बंद. सालासकट, अख्खे, सारख्या आकाराचे निवडून कुकरला लावा. शिट्ट्या जास्त झाल्या की सालं फुटतात आणि आत पाणी शिरतं. गरम असतानाच सोला, ताटात पसरून पंख्याखाली ठेवा, वाफ निघून जाऊ दे. बटाट्यावरची ओल डोळ्यांनी दिसते: सोलल्यावर चकाकतो, वाफ गेली की मऊसर पांढुरका होतो. तेव्हा किसणीवर किसा. कुस्करू नका, मिक्सरला तर मुळीच नको. बटाटा जितका जास्त मळाल तितका त्यातला स्टार्च बाहेर येऊन तो खळीसारखा चिकट होतो, आणि तुमच्या झाकणाला धरून बसतो तो हाच चिकटपणा. सगळं हलक्या हाताने एकत्र करायचं, कणकेसारखं मळायचं नाही.

मटार-गाजर वाफवल्यावर फडक्यावर पसरून कोरडं करा. लिंबाऐवजी आमचूर वापरा, तेवढंच पाणी कमी. मीठ सगळ्यात शेवटी.

पारख अशी: लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबा. कडेला चिरा पडल्या तर मिश्रण कोरडं, हात पाण्याचा करून पुन्हा एकजीव करा. गोळा उचलल्यावर तळव्याला लेप राहिला तर ओलं. हात नुसता तेलकट झाला आणि कड सलग राहिली की झालं.

आणि प्रेसला तेल लावत बसू नका. दुधाची पिशवी धुऊन, पुसून, उघडून घ्या. तिचे दोन गोल कापा, एक खाली, एक वर. पुरणपोळी, थालीपीठ, पापड, सगळ्याला आपण तेच करतो ना! झाकण उचललं की पिशवीसकट पॅटी हातात येते, मग पिशवी कडेकडून सोलायची. सरळ वर ओढायची नाही. तव्यावर मात्र पिशवी जाऊ देऊ नका, 60 नगांच्या घाईत हे होतं.

दुसरा प्रतिसाद

वरच्या काकूंनी मिश्रणाचं सगळं सांगितलंच आहे. मी मापाचं सांगतो, कारण एकसारखेपणा प्रेस देत नाही, वजनकाटा देतो. प्रेस फक्त आकार देतो.

तुमचा प्रेस 11 सेंमीचा आणि पाव 10 सेंमीचा, हे काही चुकून झालेलं नाही. हे प्रेस मुळात मटणा-बीफच्या खिम्यासाठी बनवलेले असतात. खिमा शिजताना आक्रसतो, म्हणून कच्ची पॅटी पावापेक्षा मोठी घेतात आणि ती शिजून पावाच्या मापाला येते. बटाटा आक्रसत नाही. तुम्ही 11 सेंमी भरून दाबलीत तर पॅटी पावाबाहेर लोंबणार. तुम्हाला हवी साधारण 9.5 सेंमी, वर चुऱ्याचा थर बसून ती पावाच्या बरोबर येते.

आता जाडी. 9.5 सेंमी व्यास आणि 1.2 सेंमी जाडी धरली तर आकारमान 85 घन सेंमी येतं. बटाट्याचं घट्ट मिश्रण पाण्यापेक्षा किंचितच जड असतं, म्हणजे 85 ते 90 ग्रॅमचा गोळा. तो काट्यावर मोजून घ्या. वजन आणि व्यास ठरला की जाडीला पर्याय उरत नाही, ती आपोआप सारखीच येते. तुमचा मूळ प्रश्न, जोर किती लावायचा, तो इथेच सुटतो: पॅटी 9.5 सेंमीला पोचली की थांबायचं. त्यासाठी पिशवीच्या खालच्या गोलावर मार्करने बाहेरच्या बाजूने 9.5 सेंमीचं वर्तुळ काढून ठेवा. मिश्रण त्या रेषेला लागलं की हात उचलायचा.

60 नगांना 85 ग्रॅमप्रमाणे 5 किलो 100 ग्रॅम मिश्रण लागेल. फुटतुटीला 4-5 नग जास्तीचे धरून साडेपाच किलो करा. आणि सगळं मिश्रण एकदम करू नका, दोन घाण्यांत करा. पहिला घाणा थापेपर्यंत दुसऱ्याला मीठ लागून पाणी सुटायला नको.

गोळा प्रेसमध्ये टाकण्याआधी हातावर थोडा चपटा करा आणि बरोबर मधोमध ठेवा. लाडूसारखा उंच गोळा ठेवून दाबला की मधला भाग घट्ट आणि कडा सैल राहतात. तव्यावर चिरा त्यामुळेच पडत आहेत.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. मी बटाटे सोलून लगेच गरमच कुस्करत होते आणि चांगली पाच मिनिटं मळत होते, मऊ व्हावं म्हणून. उलटंच करत होते.

एक शंका. जावेच्या हातात एकाच वेळी दुसरं काही देता येईल का? प्रेस एकच आहे.

तिसरा प्रतिसाद

घरात पुरी प्रेस असेल तर तो द्या. मी त्यावर करते. फक्त बिजागरीकडची बाजू आणि मुठीकडची बाजू सारखी दाबली जात नाही, पॅटी पाचरीसारखी एकीकडे पातळ होते. अर्धवट दाबायचं, पिशवीसकट उलट फिरवायचं, पुन्हा हलकं दाबायचं.

नाहीतर एखाद्या डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण घ्या. त्याची कड 1 ते सव्वा सेंमीची असते. आत पिशवी अंथरा, मोजलेला गोळा भरा, उलथन्याने वरून सपाट करा, पालथं करा. कड सुरेख येते. थोडा वेळ जास्त लागतो, पण जोर लावायला लागत नाही. सासूबाईंचे हात दुखतात, त्यांना हेच काम देते.

चौथा प्रतिसाद

चिकनबद्दल लिहिते. मी न्यू जर्सीत असते, उन्हाळ्यात अंगणात ग्रिल लावलं की या प्रेसला सुट्टी नसते.

चिकनला हाच प्रेस चालेल आणि इथे मात्र 11 सेंमी पूर्ण भरा. वजन 110 ते 115 ग्रॅम घ्या. इकडे पाव पौंडाची पॅटी म्हणतात ती 113 ग्रॅमची. शिजताना पाणी आणि चरबी निघून ती लहान होते. खिमा मांडीच्या मांसाचा मागा. नुसत्या छातीच्या मांसाचा कोरडा पडतो, तोच मिळाला तर अर्ध्या किलोला दोन चमचे तेल किंवा लोणी घाला. खिमा फ्रीजमधून काढल्या काढल्या थंडच हाताळा, कोमट झाला की प्रेसला चिकटतो.

तव्यावर मधोमध फुगवटा येतो तो असा: कडा आधी शिजतात, आवळतात आणि आतल्या मऊ भागाला मध्याकडे ढकलतात. त्यासाठी प्रेसमधून काढल्यावर मध्यभागी अंगठ्याने उथळ खड्डा करायचा, शिजल्यावर सपाट होतो. इथल्या व्हाइट कॅसल या बर्गरच्या दुकानसाखळीच्या छोट्या चौकोनी पॅटींना तर पाच भोकंच असतात, त्यातून वाफ वर येते आणि पॅटी उलटावी लागत नाही.

मीठ कधी, यावर मतं वेगळी आहेत. बीफच्या खिम्यात मीठ आधी मळलं तर पॅटी सॉसेजसारखी रबरी होते, म्हणून इथे ते थापून झाल्यावर वरून लावतात. चिकनला मी आधीच घालते, त्याने खिमा एकमेकांना धरतो आणि बाइंडर फारसा लागत नाही. आपले कबाब असेच होतात.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. चिकनची पॅटी आत 74 अंश सेल्सियसला पोचलीच पाहिजे. खिम्यात वरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, म्हणून बाहेरून खरपूस दिसली म्हणजे झाली असं नाही. स्वयंपाकाचा सळईवाला थर्मामीटर घ्या, पॅटीत बाजूने आडवा खुपसा. लोकांच्या मुलांना खायला देणार आहात, तेवढा खर्च कराच.

आणि शक्य असेल तर व्हेजसाठी वेगळा प्रेस ठेवा. कंगोऱ्यांत कच्चं चिकन अडकून राहतं, नुसतं विसळून निघत नाही, गरम साबणाच्या पाण्यात ब्रशने घासावं लागतं. शिवाय तुमच्या शाकाहारी गिऱ्हाइकाने विचारलं तर तुम्हाला निःशंकपणे "वेगळा आहे" सांगता आलं पाहिजे.

धागाकर्ती

आज करून पाहिलं! पोहे घातले, किसून घेतलं, पिशवी लावली, 85 ग्रॅम मोजलं. 12 पैकी 12 अख्ख्या निघाल्या. एकावर एक रचून बाजूने पट्टी लावून बघितली. जावेने फोटो काढून ठेवला आहे.

तळताना मात्र दोन फुटल्या. बाहेरून लाल झाल्या आणि आत कोमट होत्या. थापल्या थापल्या तळल्या, म्हणून का? आणि शुक्रवारी रात्री करून ठेवल्या तर चालतील का?

पहिला प्रतिसाद देणाऱ्या काकू

हो, म्हणूनच. थापल्यावर ताटात सुट्ट्या मांडून फ्रीजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा. थंड झाला की बटाट्यातला स्टार्च आवळून धरतो. त्यानंतर पेस्टमध्ये बुडवा आणि चुरा लावा. पेस्टमध्ये मैद्याबरोबर थोडं कॉर्नफ्लोर घाला आणि भज्याच्या पिठापेक्षा पातळ ठेवा. कडेला चुरा नीट दाबून लावा, फुटायची सुरुवात नेहमी कडेपासून होते.

शुक्रवारी रात्री चुरा लावूनच फ्रीजमध्ये ठेवा, मध्ये बटर पेपर. दोनपेक्षा जास्त थर नकोत, खालच्या दबतात. शनिवारी काढल्या की मध्यम आचेवर तळा. तेल धुरावलं असेल तर बाहेरून करपतील आणि आत गारच राहतील. एका वेळी 3-4 सोडा, जास्त सोडल्या की तेल थंड होतं आणि पॅटी तेल पिते.

बटाटा कोणता घेताय? कोल्ड स्टोरेजमधला असेल तर तो थंडीने गोड झालेला असतो, त्याला रंग लवकर चढतो. 2 किलो आणून आधी एक उकडून चाखा. गोडसर लागला तर दुसऱ्या दुकानात जा.

धागाकर्ती

चाखला, गोडसरच होता! आज बाजारात दुसऱ्याकडून घेतले. एक उकडून सोलला, चकाकत होता तसाच पंख्याखाली ठेवला आणि तुम्ही लिहिलंय तसा पांढुरका झालेला पाहिला, आता कळलं कशाची वाट बघायची.

ठरलं असं: गुरुवारी पोहे भरडून आणि पिशव्या कापून ठेवणार, 8 गोल पुरतील. शुक्रवारी दुपारी बटाटे, संध्याकाळी पहिला घाणा मी प्रेसवर, दुसरा जाऊ डब्याच्या झाकणात. वजनकाटा मध्ये ठेवणार आणि गोळे मोजायला माझी मुलगी बसणार आहे. चिकनची ऑर्डर वेगळा प्रेस आणि थर्मामीटर आल्यावरच घेईन असं त्यांना कळवलं आहे.

शनिवारी रात्री इथेच येऊन लिहिते.