सही कोणत्या नात्यानं करताय ते पाहा भाऊ
काकाले वृद्धाश्रमात ठेवताना पुतण्यानं सही केली तर पैसे त्याच्यावर येतात का, असं एकानं विचारलंय. नुसतं संपर्कासाठी नाव दिलं तर गोष्ट वेगळी, पण कागदावर जामीनदार लिहिलं असलं तर येतात, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणं करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याएवढीच, म्हणजे इथं काकाएवढीच. आत्याच्या वेळी मी कापूस वेचणीच्या घाईत न वाचता सही केली अन् दवाखान्याचं बिलही माझ्याच अंगावर आलं, लय जीव जळला. म्हणून डिपॉझिट कधी परत, औषधाचा खर्च कोणाचा, लिहूनच घ्या. अन् सांभाळायच्या अटीवर वावर बक्षीसपत्रानं घेऊन पोरगा पाहत नसेल तर काकानं एसडीओकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं, अर्ज करावा, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द होऊ शकते.