इंग्लंडच्या खेड्यात लोकांच्या वावरातून चाललो, तिथल्या शेतकऱ्याला हे चालते कसं?

वरुडकर_संत्रा
नमस्कार मंडळी. मे महिन्यात मी, बायको, पोरगा अन् माय असे बहिणीकडे इंग्लंडला गेलो होतो, ती लीड्सला राहते. जवाईबापूंनी यॉर्कशायर डेल्समधल्या एका खेड्यात घर भाड्यानं घेतलं होतं. इकडे अंगाची लाही अन् तिकडे स्वेटर, रात्री नऊ वाजले तरी उजेड, मायला जेवायची वेळच समजेना. डोंगरभर दगड रचून केलेले धुरे, ना सिमेंट ना गारा, अन् आत मेंढ्या अन् त्यांची पिल्लं. लय सुंदर आहे, खोटं कायले सांगू.

पण माझ्या डोक्यात बसलं ते वेगळंच. रोडच्या कडेला लाकडी खांब, त्यावर पिवळा बाण, अन् बाण सरळ कोणाच्यातरी वावरात जाते. बहीण म्हणे चल, हा सगळ्यांचा रस्ता आहे. मी म्हटलं अगं मालक काठी घेऊन येईन ना. धुऱ्यातून लांब दगड पायरीसारखे बाहेर काढलेले, माय लुगडं सावरत त्यावरून चढली, पुढच्या फाटकातून तर एका वेळी एकच माणूस वळून निघते, ढोर निघूच शकत नाही असं बनवलेलं. मधात मालक चार चाकाच्या मोटरसायकलवर कुत्रा घेऊन आला, माय जागीच थांबली, तर त्यानं हात वर केला अन् गेला मेंढ्यांकडे.

आपल्याकडे पांदणीपायी सख्खे भाऊ बोलत नाहीत. आमची पांदण दोन्हीकडून नांगरून नांगरून अशी झाली की बंडी जात नाही, पावसाळ्यात खताच्या बॅगा डोक्यावर न्याव्या लागतात. म्हणून विचारतो, तिथल्या शेतकऱ्याला पैसे भेटतात का? अन् नांगरताना तो रस्ता खात कसा नाही?

अकोल्याची_लेक
दादा, मी इकडेच राहते. जुन्या वहिवाटीचे पैसे मिळत नाहीत, जमीन त्याचीच पण चालायचा हक्क सगळ्यांचा. लोकांनी २० वर्षं विनाअडथळा हक्कानं वापरली की वाट सार्वजनिक धरतात, मालकानं वाट लोकांना द्यायचा इरादा नव्हता हे दाखवलं नाही तर. १९४९ च्या कायद्यानं या वाटांचे नकाशे करायला लावले, त्या नकाशात आहे म्हणजे आहे, वाद तिथंच संपतो. आणि हे काही फुकट मिळालेलं नाही हो, १९३२ साली इंग्लंडातल्या किंडर स्काउट या डोंगरावर, मोकळ्या माळरानावर फिरता यावं म्हणून शेकडो लोक बंदी मोडून चढले, त्यातले पाच जण जेलात गेले.

नांगरायचं म्हणाल तर धुऱ्याच्या कडेची वाट नांगरताच येत नाही. मधून जाणारी नांगरली तर पेरणीसाठी पहिल्यांदा हात लावल्यापासून १४ दिवसात पुन्हा चालण्यासारखी करायची, किमान १ मीटर रुंद. पायऱ्या-फाटकं मालकानं नीट ठेवायची, पण त्या खर्चाचा किमान चौथा हिस्सा कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक सरकारी संस्था, देते.

ढोरंवाला_पुसद
पण गाई असल्या त्या वावरात मंग? वासरू असलं का गाय मारतेच नं बाप्पा, आमची तं घरच्यालेही येऊ देत नाई.

अकोल्याची_लेक
बरोबर बोललात भाऊ, दरवर्षी लोकांना लागतं, काही दगावतातही. दुधाळ जातीचा १० महिन्यांवरचा सांड अशा वावरात सोडायलाच बंदी आहे. वासरं असली तर लांबून जा म्हणतात, कुत्रा सोबत असला अन् गाय धावली तर कुत्र्याची साखळी सोडून द्या, ती त्याच्यामागेच लागते.

तात्या_दारव्हा
वरुडकर भाऊ, तुमचं दुखणं तिकडच्या कायद्यानं जाणार नाही, पण आपल्याकडेही कायदा आहे, लोक मागतच नाहीत. मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६, कलम ५, असलेली वाट कोणी अडवली तर तहसीलदाराकडे जा, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. वावरात जायला रस्ताच नसेल तर महसूल संहिता १९६६ चं कलम १४३, त्यात धुऱ्यावरून रस्ता मागता येते. पहिले गावनकाशा काढा. पांदण नकाशावर असेल तर मोजणी मागायची, तोंडी भांडायचं नाही.

वरुडकर_संत्रा
तात्या, नकाशा तलाठ्याकडे भेटते का तालुक्याला?

तात्या_दारव्हा
तालुक्याला, भूमी अभिलेखच्या ऑफिसात. अर्ज करून नक्कल घ्या, अन् पेरणीच्या आधी घ्या, नाहीतर यंदाही बॅगा डोक्यावरच.