सोळावा अध्याय ऐकताना डोळ्यासमोर दुसराच माणूस का येतो?

गंगाखेडकर
राम कृष्ण हरी मंडळी. गावात सप्ताह चालू आहे, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, रात्री कीर्तन. काल सोळावा अध्याय झाला. दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, पारुष्य, अज्ञान अशी आसुरी संपत्ती महाराज एकेक करून सांगायलेत आणि मला प्रत्येक शब्दाला आमचा बांधाशेजारचा दिसायलाय, जो दरवर्षी नांगरताना एखादं तास आमच्या रानात सरकतोच. बाजूला बसलेले काका पण कानात म्हणले, हे तर हुबेहूब त्याचंच वर्णन. गंमत म्हणजे तो स्वतः चार जणं सोडून पुढंच टाळ्या वाजवत बसलेला, त्याला कोण दिसत होतं देव जाणे (बहुतेक मीच).

तर प्रश्न असा की हा अध्याय नेमका कोणाला ओळखायसाठी आहे? कृष्ण तर स्पष्ट म्हणतो की या लोकात दैव आणि आसुर अशा दोन सृष्टी आहेत. मग काही माणसं मुळातूनच तशी असतात का? आणि मानसशास्त्रवाले याच्यावर काय म्हणतात? जाणकारांनी सांगा, राजकारण आणू नका.

लातूरची_समुपदेशक
दादा, तुम्ही जे सांगितलं त्याला आमच्यात प्रक्षेपण म्हणतात, म्हणजे स्वतःत जे बघवत नाही ते समोरच्याच्या अंगावर टाकायचं. कार्ल युंगने त्या न बघवणाऱ्या भागाला छाया म्हटलं आणि ती जितकी दाबाल तितकी ती बाहेर शत्रू शोधते असं त्याचं म्हणणं.

पण मला सोळाव्या अध्यायातलं दुसरंच काहीतरी जास्त भारी वाटतं. १३ ते १५ श्लोक परत बघा, तिथं आसुरी माणसाचं वर्णन नाहीच, तिथं तो स्वतः बोलायलाय. हे आज मिळवलं, ते उद्या मिळवीन, हा शत्रू मारला, बाकीच्यांना पण मारीन, माझ्यासारखा दुसरा आहे कोण, आणि त्याच दमात यज्ञ करीन, दान देईन, मजा करीन!! म्हणजे याच्या डोक्यात आपण वाईट आहोत असं कुठंच नाही, उलट तो दानशूर आहे, मंडपाला वर्गणी देणारा आहे. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हेच मांडलं की माणूस वाईट करायच्या आधी सद्‌सद्विवेकाला गप्प करायची कारणं तयार ठेवतो, वरून आदेश होता, सगळेच करतात, त्याचीच लायकी ती होती वगैरे. केबिनमध्ये बायकोवर हात उचलणारे बसतात समोर, एकानेही आजपर्यंत 'मी मारलं' असं वाक्य सुरुवातीला उच्चारलेलं नाही, 'तिने वेळ आणली' असंच.

आणि मुळातूनच वाईट म्हणाल तर १९६१ ला येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅमने प्रयोग केला, साधी नोकरीधंदा करणारी ४० माणसं, एकजण शांतपणे 'चालू ठेवा' म्हणत होता एवढंच, आणि त्यातली २६ जणं समोरच्याला ४५० व्होल्टपर्यंत शॉक द्यायला तयार झाली (शॉक खोटे होते, त्यांना माहीत नव्हतं). त्या २६ मधे असुर किती होते म्हणायचे?

बालाघाटी
ताई सगळं बरोबर, पण मला या 'सगळं आपल्या आतच आहे' प्रकाराची चीड येते. सावकाराने जमीन लिहून घेतली, वस्तीवर जाऊन कोणी कोणाला मारलं, आणि ज्याचं नुकसान झालं त्यालाच महाराज सांगणार की बाबा तुझ्या मनातला क्रोध जिंक. हे फार सोयीचं आहे, कोणाला सोयीचं ते सांगायला नको. अर्जुनाला कृष्णाने शेवटी धनुष्य उचलायलाच लावलं की, मनात डोकावून घरी जा नाही म्हणला.

नाथांची_लेक
बालाघाटी भाऊ, चीड एकदम रास्त आहे. मी पैठणची, एकनाथी भागवत घरात रोज वाचतात, त्यातला तेविसावा अध्याय वाचा, भिक्षुगीत. अवंतीचा एक ब्राह्मण, शेती-व्यापारातून गडगंज, पण कंजूष इतका की बायकापोरं, भाऊबंद सगळे विटलेले. मूळ भागवत त्याला तीन विशेषणं लावतं, कामी, लोभी आणि अतिकोपी. आता गीतेतला नरकाच्या तीन दारांचा श्लोक आठवा, तेच तिघं! पुढं पैसा जातो, भाऊबंद नेतात, चोर नेतात, राजा नेतो, आणि हा भिक्षा मागत फिरायला लागतो तर लोक त्याच्यावर थुंकतात, त्याच्या अन्नात घाण करतात, दोरीने बांधतात. तेव्हा तो म्हणतो की माझ्या सुखदुःखाचं कारण ही माणसं नाहीत, देव नाहीत, ग्रह नाहीत, मन आहे.

मुद्दा असा की हे *तो* म्हणतो. त्याला कोणी येऊन शिकवलेलं नाही, आणि थुंकणाऱ्यांच्या तोंडात तर हे वाक्य अजिबातच नाही. नाथांवर पण गोदेवरून आंघोळ करून येताना एकजण परत परत थुंकला अशी कथा आहे, नाथ दरवेळी परत नदीवर गेले, पण ती शांती त्यांनी स्वतःपुरती वापरली. थुंकणारा जर म्हणला असता 'शांत राहा, हे तुझ्या साधनेसाठीच आहे', तर ती बदमाशी झाली असती. सावकाराचा कीर्तनकार तेच करतो, म्हणून तुमचा राग खरा.

आणि गंगाखेडकर दादा, बांधाचं म्हणाल तर सरकारी मोजणी मागवा सरळ, त्याला कोणता अध्याय आडवा येत नाही.

लेणीवेडा
उशिरा आलो, संभाजीनगरहून लिहितोय. बौद्ध ग्रंथांचं कोणीच काढलं नाही म्हणून. सुत्तनिपातात पधान सुत्त आहे, त्यात तप करणाऱ्या सिद्धार्थाजवळ मार (साधकाला मोहात पाडून वाटेवरून हटवू बघणारा) येतो आणि बुद्ध त्याच्या सैन्याची यादी वाचतो, पहिली सेना काम, दुसरी नाराजी, मग तहानभूक, तृष्णा, आळस, भीती, शंका... राक्षस, भाले काहीच नाहीत, नुसत्या मनाच्या अवस्था. आणि यादीच्या शेवटाला लाभ, खोटी मिळवलेली कीर्ती, आणि जो स्वतःला चढवतो व दुसऱ्याला तुच्छ लेखतो तो. म्हणजे मंडपात बसून शेजाऱ्याचे आसुरी गुण मोजणं हे पण माराच्याच सैन्यात धरलंय 😄 पाली कथांमधे मार पळतो कसा तर त्याला मारून नाही, 'मार, मी तुला ओळखलं' एवढं म्हटलं की खट्टू होऊन गायब.

बालाघाटींच्या मुद्द्यावर अंगुलिमाल आठवला. दरोडेखोर, खुनी, भिक्खू झाला, आतून पूर्ण बदलला, पण भिक्षेला गेला की लोक दगड मारायचे, डोकं फुटून, पात्र फुटून, चीवर फाटून परत आला तेव्हा बुद्धाने त्याला 'सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे' म्हटलं, लोकांना जाऊन 'याला माफ करा' नाही म्हटलं. बदलला म्हणून हिशोब मिटला असं काही नाही तिथं.

अजिंठ्याच्या २६ नंबर लेण्यात डाव्या भिंतीवर मारविजय कोरलाय, मधे जमिनीला हात लावून बसलेला बुद्ध, हत्तीवरून चालून येणारा मार, खाली नाचणाऱ्या त्याच्या मुली. लोक शेजारचं महापरिनिर्वाण बघून फोटो काढून निघतात, हे राहूनच जातं. जाणार असाल तर सोमवार टाळा, बंद असतं.